भट्टीवरची लाल चिठ्ठी

थॉम्प्सन, कॅनडा, ६ डिसेंबर

प्रिय बाबा,

मी ठीक आहे. घर तापवणारी भट्टी मात्र बंद आहे. आतल्या पत्र्याला चीर गेली, म्हणून मेकॅनिकने गॅस बंद करून वापरबंदीची लाल चिठ्ठी लावली. म्हणाला, "बाई, दुरुस्ती साडेतीन हजार डॉलर, नवी सात हजार. सतरा वर्षांची भट्टी दुरुस्त केलीत, तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा माझंच तोंड बघाल!"

नवी मागवली. ती तेवीसला येईल. बाहेर उणे छत्तीस आहे. विजेचे दोन हीटर चालू ठेवून घर सोडलं तर आगीची भीती, आणि बंद केले तर पाणी गोठून नळ फुटतील. त्यामुळे अठराला तुमच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला मी नसेन.

घर घेताना तुम्ही भट्टी उघडून बघायला सांगितलं होतं. इंजिनिअर मी आहे, असं मी म्हणाले होते.

दारातला बर्फ तुम्हीच उपसताय का? फावडं शेजाऱ्यांकडे द्या.

शुद्धीवर आलात की आईला मला फोन करायला सांगा. कधीही करा. मी घरातच आहे.

तुमची,
सोल्वेग