थेट घरी जायचं नाही

मनिला

ती. कोन्सोर्सियाताईस,

इथूनच तुझा हात कपाळाला लावतो. गुडघा कसा आहे? बोटीचा प्रवास टाळलास ते बरंच झालं. मी वेळेवर जेवतो. काळजी करू नकोस.

तेओदुलोदादाच्या शवपेटीजवळ दोन दिवस बसलो, तिसऱ्या दिवशी दफन झालं. तिथून उठलं की थेट घरी जायचं नाही, गेलेला मागोमाग घरी येतो म्हणून वाटेत थांबून त्याला चुकवायचं, हे आपण सगळेच पाळतो. लोक कोपऱ्यावर कॉफी पितात आणि सुटतात. पण आउरिंगमावशी म्हणाली, "कॉफीने तेओदुलो फसेल होय? त्याला जुन्या शहरात नेऊ. भिंतीच भिंती आहेत, वाट हरवेल." (एकतीस वर्षं तो माझ्याच घरात राहिला, पत्ता त्याला पाठ होता. पण हे मावशीपुढे बोलायची छाती झाली नाही. खरं तर मला त्याला चुकवायचंच नव्हतं. घर फार शांत झालंय, ताई.)

पहिल्या दिवशी सान आगुस्तिन चर्च. मावशी एका दाराने शिरली, दुसऱ्याने निघाली, पुन्हा पहिल्याने शिरली, मी मागोमाग. रखवालदाराला वाटलं, आमचं काही हरवलंय. दुसऱ्या दिवशी सान्तियागोचा किल्ला. तिथे तिने मार्गदर्शकालाच गाठलं. "बाळा, इथून परतीची वाट सापडणार नाही अशी जागा कुठली? एकाला सोडून जायचंय." त्याने माझ्याकडे फार कळवळून पाहिलं.

दफनानंतर मावशीने घोडागाडी केली. कॅथेड्रलसमोर घोडा अडला. मावशी मागच्या रिकाम्या बाकाकडे वळून ओरडली, "तेओदुलो, उतर खाली! मुक्या जनावराला त्रास देतोस? मेलास तरी आळस जाईना तुझा!"

गाडीवानाने विचारलं, "आजी, मागे कोण आहे?"

"माझा भाचा. आत्ताच पुरून आलोय."

गाडीवानाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि खाली उडी मारली. "तुम्ही बसा, आजी. मी जरा कॉफी पिऊन येतो."

मला हसू फुटलं, आठवडाभरात पहिल्यांदाच, आणि मग ते रडण्यावर गेलं. मावशीने रुमाल दिला. तो आधीच ओला होता.

"राहिला तो इथेच," असं जाहीर करून ती लेकीकडे गेली.

तुझा धाकटा,
बेनिग्नो

ता. क. मावशीला पोचवून मी घराकडे निघालो होतो, पण परत फिरलो. कबरस्तानात गेलो आणि तिथून थेट घरी आलो. वाटेत कुठेही थांबलो नाही. मावशीला हे कळू देऊ नकोस.

आणखी एक. घरावर पवित्र पाणी शिंपडायला पाद्रींना पाठव, असं ती तुला सांगेल. गेलेला चाळीस दिवस इथेच फिरतो म्हणतात, तोवर तरी पाठवू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र.

आला का, असं विचारशील. अजून तरी काही चाहूल नाही. पण दादा वेळेवर कधी आलाय?