सोलरला ऊन लागू नये म्हणून

१ डिसेंबर
गच्चीवर सोलर हीटर बसला. जुना गिझर मेहुण्याला देऊन टाकला. ही म्हणाली, आठ दिवस तरी थांबा, थंडीत माझे गुडघे धरतात. म्हटलं, सूर्यावर विश्वास ठेव.
संकल्प: सौरशक्तीच्या शोधांचा इतिहास लिहायचा. रोज दोन पानं.

२ डिसेंबर, सकाळी १०
हीटरची काच नवीकोरी. उन्हाने वाट लागेल. हिची जाड निळी चादर वरून घट्ट बांधली. आमच्याकडे रिमोटपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला कव्हर असतं, म्हणून वस्तू टिकतात. हिने विचारलं, अहो, ऊन लागल्याशिवाय ते तापणार कसं? म्हटलं, आपण शर्ट घालून उन्हात गेलो तरी तापतोच ना? ती उठून मोठं पातेलं शोधायला गेली.

५ डिसेंबर
पाणी गार. मशीन नवीन आहे, रुळायला वेळ लागणार. ही गॅसवर पातेलं तापवते आणि लंगडत बाथरूमपर्यंत नेते. बघवत नाही. त्या वेळी मी पेपर वाचतो.

९ डिसेंबर
इतिहास, पान पहिलं (दुसरं उद्या). अडीचशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने काचेच्या पेटीत ऊन कोंडलं. शंभरेक वर्षांनी दुसऱ्याने उन्हाच्या जोरावर चक्क बर्फ करून दाखवला. आमचा हीटर बहुधा या दुसऱ्याच्या पंथातला.

१२ डिसेंबर
प्लंबरला बोलावलं. परक्यासमोर चादर बरी दिसत नाही, म्हणून सकाळीच काढून ठेवली. त्याने दुपारी चार नळ पिरगाळले, म्हणाला, काही बिघाड नाही. आणि संध्याकाळी पाणी कढत! एकेकाच्या हाताला गुण असतो. हिने गुडघे शेकले, कितीतरी दिवसांनी हसली. चादर परत बांधली. दुहेरी गाठ.

१३ डिसेंबर
गार. प्लंबरचा गुण एकच दिवस टिकतो.

१७ डिसेंबर
हिचा गुडघा सुजला. म्हणाली, ती चादर तरी सोडून बघा, एवढं एकच ऐका माझं. म्हटलं, दुसरं काहीही सांग, नव्या वस्तूची हेळसांड मला जमणार नाही. इतिहास बंद. मूड नाही.

१९ डिसेंबर
ही भावाकडे गेली. गिझर तिथे आहे म्हणाली. जाण्याआधी कठड्याला धरून धरून गच्चीचा जिना चढली आणि आपली चादर सोडून घेऊन गेली. मी रिक्षापर्यंत बॅग नेली.

२० डिसेंबर, दुपारी ३
नळ सोडला आणि हात भाजला. वाफा! धावत फोन लावला, मशीन रुळली गं! ती म्हणाली, मशीन पहिल्या दिवशीच रुळली होती, तुम्हालाच वेळ लागला. कधी येतेस विचारलं. म्हणाली, गुडघ्याला विचारते.

संध्याकाळी ७
हिच्यासाठी बादली भरली. तीस वर्षांत पहिल्यांदाच. निवू नये म्हणून वर ताट झाकलं. शेजारी स्टुलावर बसून राहिलो. तरी निवली.