फाटकावरची लाल झेंडी

माय,

बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तुला मिळालेलं ते रेल्वेचं फाटक आता नाही. छोटी लाईन बंद झाली, मग रूळ उपटून नेले, मग तुझी खोलीही पाडली. तिथून आता मोठी लाईन गेली आहे, चकचकीत, आणि तिच्यावर आपल्या गावाला थांबा नाही. गावच्या बायांनी मला शहरात, धरमपेठेतल्या घरी येऊन गाठलं. "तू शिकलेली हायेस, तूच बोल आता." मी थांब्यासाठी अर्ज घेऊन रेल्वेच्या ऑफिसात गेले. साहेबांनी जुनं रेकॉर्ड काढलं आणि म्हणाले, मॅडम, या गावातून कधी एकही प्रवासी चढलेला नाही. माझं डोकंच सणकलं.

आपलं गाव स्टेशन नव्हतंच, नुसतं फाटक. पण रोज सकाळी इतवारीच्या बाजाराकडे जाणारी गाडी आली की तू तिला लाल झेंडी दाखवायचीस. वांग्याच्या टोपल्या, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाया चढतात, गार्ड त्यांना मागच्या स्टेशनवरून चढल्याचं तिकीट देतो, शेवटच्या बाईचा पाय पायरीवर पडला की तू हिरवी धरतेस. मग गाडी थांबवल्याचं कारण वहीत लिहितेस, 'जनावर रुळावर'. मी एकदा विचारलं, "काहून खोटं लिहून राहिली वं माय?" तू वर न बघता म्हणालीस, "बाया बाजारात पोचल्या ना? ते खोटं हाय का? अन् हे कुठं बोलशील तं पाह्य. नोकरी जाईन माही." मी कुठेच बोलले नाही. निवृत्तीला तुला निष्कलंक सेवेचा कागद मिळाला, तो तू मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलास.

त्या नोकरीला काल मी डाग लावला. साहेबांना झेंडीचं सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "लेखी द्या. पण मग ती तुमच्या आईची चूक ठरेल." ठरू दे. मी तिथेच खुर्ची ओढून लिहिलं की माझी आई इतकी वर्षं खोटं कारण लिहून बायांसाठी गाडी थांबवत होती, आणि खाली सही ठोकली. थांबा मिळेल की नाही, माहीत नाही. नाही मिळाला तर वरच्या साहेबाकडे जाईन, सगळ्या बाया घेऊन जाईन. आपल्या गावातून कोणी चढतच नव्हतं, हे मी ऐकून घेणार नाही. तुला राग येईल, तर येऊ दे. आधी तुला विचारावं, हे सही करताना मनात आलं होतं. पण तू नाही म्हणाली असतीस. म्हणून सही आधी केली आणि पत्र आज लिहिते आहे.