उपासाची साखर

सदाशिव पेठ, पुणे
५ जुलै २००४

चि. रंगनाथ यास द्वारकाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू नुसता हो ताई, हो ताई करतोस, म्हणून पत्र. खडकी काही विलायतेत नाही, दोन दिवसांत पोचेल. ओळी तिरक्या गेल्या तर समजून घे, उजव्या डोळ्यापुढे साय धरल्यासारखं झालं आहे.

साखर २६० निघाली. ती उतरल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. इकडे दिवाळी अंकाची मुद्रितं सप्टेंबरात तपासायला येतात. छापखान्याचे मालक बद्रीनाथ मोठ्या प्रेमाने म्हणाले की बाई, आता आराम करा, ते काम संगणक करील. एकतीस वर्षं मी त्यांच्या चुका काढते आहे, आराम त्यांनीच करावा. मला डोळा हवा आणि वेळेत हवा.

तुझ्या ऋतुजाने कंपनीतल्या संगणकावरून आहाराचा तक्ता छापून आणला. वर ठळक अक्षरांत, धान्य बंद. पोरीला वाटलं आत्याला जमणार नाही. अरे, धान्याशिवाय राहायला मला कुणी शिकवायचं? एकादशी करतेच, आता सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवारही धरले. पुढच्या तपासणीचा आकडा बघच.

सौ. वहिनींना आणि ऋतुजाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो फोनपुरता ठेवू नकोस.

द्वारकाताई


सदाशिव पेठ, पुणे
२६ जुलै २००४

चि. रंगनाथ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

साखर २९४. तपासणीवाल्याला मी सरळ विचारलं की नळ्यांची अदलाबदल करता का. शेजारच्या गोदाबाईंना वाटतं मी चोरून खाते. म्हणून तुला सगळं लिहून कळवते. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि बटाट्याची भाजी. चारला राजगिऱ्याचा लाडू. रात्री रताळ्याचा कीस. यात धान्याचा एक दाणा दाखव.

मी हटणार नाही. परवापासून बुधवारही धरते.

द्वारकाताई


खडकी
२९ जुलै २००४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऋतुजाला वाचून दाखवलं. लाडवापर्यंत आलो तेव्हा ती डोकं धरून बसली. चूक आपली आहे असं म्हणते. तक्ता परदेशातला, तिकडे कुणी साबुदाणा खाऊन उपास करत नाही, म्हणून त्यात त्याचं नाव नाही.

मला साखर लागून सहा वर्षं झाली, तेव्हा थोडं माझंही ऐक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोटात गेला की भराभर साखर होते. भाकरीचीही होते, पण तिच्यात कोंडा असतो. ती बेताची असली आणि सोबत उसळ-पालेभाजी असली की सावकाश होते. आता निरंकार करीन म्हणशील, तर साखरेवरच्या गोळ्या घेऊन पोट रिकामं ठेवता येत नाही, घेरी येते.

वार तू सोडशील. एकादशीचं काय, ते मला ठाऊक आहे. बहात्तर साली कारखान्यात भाजलो, तेव्हा तू ती माझ्यासाठी धरलीस. मी कधी बोललो नाही, बोलायला हवं होतं. माझ्यासाठी धरलीस, आता माझ्यासाठीच सोड.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा रंगनाथ


सदाशिव पेठ, पुणे
२८ ऑगस्ट २००४

चि. रंगनाथ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. नेम माझा, तो सोडायला सांगणारा तू कोण? मग साखरेच्या डॉक्टरांशी भांडले. म्हटलं तक्ता नको, माझं ताट समोर ठेवून बोला. शेवटी त्यांनी गोळी बदलली आणि ठरलं, दोन्ही वेळा ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, ताक. साबुदाण्याचा डबा त्याच दिवशी गोदाबाईंना दिला.

एकादशीचं मात्र मी त्यांना कबूल केलं नव्हतं. परवा एकादशीचं भजन माझ्याकडे होतं. भजनातल्या दुर्गाबाई खिचडीचं पातेलं घेऊन आल्या. मी सगळ्यांना वाढलं आणि त्यांच्यादेखत तवा चढवला. कुणी म्हणालं, इतक्या वर्षांचं पुण्य पाण्यात जाईल. मी भाकरी थापत राहिले.

पहिला घास मोडला. रडले, लपवत नाही. मग देवाकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रंगनाथ हिंडतो-फिरतो आहे, ते तू केलंस. बत्तीस वर्षं मी माझा शब्द पाळला. आता मला डोळा हवा आणि तो मी भाकरी खाऊन मिळवणार." अख्खी भाकरी संपवली. भजन नंतर झालं, बऱ्याच जणींचा सूर लागला नाही.

काल साखर १३६. बुधवारी ऑपरेशन. बद्रीनाथांना कळवलं आहे की संगणकाने तपासलेली मुद्रितंही पाठवा, त्याच्याही चुका काढीन.

बुधवारी सकाळी सातला दवाखान्यात ये. घरून भाकरी खाऊन ये. आणि माझ्या डोळ्यासाठी तू काही उपास धरला असशील, मी तुला ओळखते, तर पत्र वाचून होताच तो सोड.

द्वारकाताई