चार टाक्या फुल्ल

५ जानेवारी १९९८
आजपासून रोजनिशी. अठरा वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून रिटायर झालो, आता बिझनेस. मेव्हणा अर्जुना बोटीवर नोकरीला असतो. त्यानं चार पेंटबॉल बंदुका आणून दिल्यात. गोळी रंगाची, अंगावर फुटते, माणूस हसतो. प्रत्येक बंदुकीला गॅसची छोटी टाकी. २० तारखेला पाचगणीच्या एका हॉटेलात डेमो. मॅनेजर खूश झाला की सीझनभराचं कॉन्ट्रॅक्ट. आख्ख्या तासगाव तालुक्यात असं डोकं कुणाचं चाललं नाही.

८ जानेवारी
गॅस सोड्यात असतो तोच. सांगलीला आप्पासोंच्या सोडा फॅक्टरीत गेलो. आप्पासो म्हणाले, भरतो गड्या, पण किती? टाकीवर वजन लिवलं असंल बघ. मी म्हटलं, फुल्ल भरा. फौजेत अर्धवट काही भरत नाहीत.
माहितीपुस्तक इंग्रजी. चित्रं पाहिली. समजलं.

१० जानेवारी, दुपारी
तीन टाक्या निम्म्या रिकाम्या! गॅसची क्वालिटी खराब असणार. बायकोनं, म्हणजे शालूनं, साबणाचं पाणी लावलं. घरच्या सिलिंडरला लावते तसं. तीन टाक्यांच्या तोंडाशी बुडबुडे. म्हणाली, आवं, रबरी रिंगा चिरल्यात, बदला की. मी म्हटलं, स्वयंपाकघर वेगळं, शस्त्र वेगळं. पान्यानं जोर लावून आवळल्या.
आता चारही टाक्यांना बुडबुडे.

१४ जानेवारी
रिंगा बदलल्या. निर्णय माझा.

१९ जानेवारी
टाक्या भरायला पुन्हा सांगलीला. शालूनं तिच्या किराणा दुकानातला तराजू सोबत दिला. रिकामी टाकी तोला, मग भरलेली तोला, म्हणाली. आप्पासोही तेच म्हणत होते. गॅस काय शेंगदाणे आहेत? तराजू पिशवीतून काढलाच नाही. टाक्या बर्फात गार करून मावेल तेवढा भरला. समाधान वाटलं.

२० जानेवारी, सकाळी ११. उंब्रजजवळ, रस्त्याकडेला
एसटीत टाक्यांची पिशवी खिडकीपाशी होती. ऊन आलं. कराड सोडलं आणि फाट! टायर फुटल्यासारखा आवाज. मग पांढरा धूर. टाकीची सेफ्टी चकती उडाली, दाब वाढला की उडते ती. म्हणजे सेफ्टी काम करते, हे चांगलंच. लोक खिडकीतून उतरले. कंडक्टर धुळा माझ्या ओळखीचा, तरी त्यानं मला दारातून ढकललं. उरलेल्या तीन टाक्यांच्या चकत्या मी खाली उतरल्यावर उडाल्या. ओळीनं. कवायतीसारख्या.
बंदुका शाबूत आहेत. बोलून वेळ मारून नेईन.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हॉटेलात सहा पाहुणे गॉगल लावून तयार. मॅनेजर म्हणाला, करा सुरू. मी पोझिशन घेतली. चाप ओढला. काहीच नाही. मग मीच तोंडानं ठो केलं.
चहा चांगला होता.

२१ जानेवारी
शालूला सगळं सांगितलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

३० जानेवारी
अर्जुनानं बंदुकांसोबत दिलेल्या डब्यात जादा चकत्या निघाल्या. शालू स्वतः सांगलीला आली. टाकीवरचा आकडा चष्मा लावून वाचला, तोलून भरून घेतलं, साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. आप्पासो तिला म्हणाले, वैनी, तुमी फौजेत पायजे हुत्या. मी बाहेर उभा होतो. देखरेखीला.

४ फेब्रुवारी
हॉटेलचं पत्र. आभार मानलेत. पाहुण्यांच्या करमणुकीला त्यांनी घोडे ठेवले.

९ फेब्रुवारी
शेजारचे नानासो द्राक्षबागायतदार. म्हणाले, पाखरं लय झाल्यात, तुमची बंदूक आवाज करती न्हवं? या की बागंत. उद्यापासून फील्ड ड्युटी. जुना युनिफॉर्म काढला. वरचं बटण लागत नाही, पण उकाडाच आहे.

१० फेब्रुवारी
पहिल्या बारालाच पाखरं पसार. नानासो खूश.

१३ फेब्रुवारी
पाखरं सरावली. आज एक साळुंकी बंदुकीच्या नळीवर येऊन बसली. मी हललो नाही.

१४ फेब्रुवारी
नानासो म्हणाले, राग मानू नका, उद्या वैनींनाच पाठवा थाळी घेऊन. मी म्हटलं, विचार करतो. शालू लगेच निघाली. थाळी वाजवत एक फेरी मारली, बाग मोकळी.
मी बांधावर बसून बंदुका पुसल्या.