चौकटीखालचा हात

ताई,

तुला पत्ता नाही, म्हणून हे पत्र दोऱ्यांच्या डब्यातच राहील.

भरतकामाची मोठी चौकट पुन्हा दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलीय. कापसाचं भरण घालून वरून टाके घेत फुगीर डाळिंबं काढायला तूच शिकवलंस. माझा डावा हात अधू, म्हणून मी वरून सुई खाली सोडायचे आणि तू चौकटीखाली बसून ती परत वर पाठवायचीस. दोरा मात्र करकचून ओढायचीस आणि भरण दबायचं. "हळू ओढ की, हात आहे का सांडशी," असं मी तुला शेवटच्या दिवशीही बोलले.

तुला पोचवून आल्यावर महिनाभर चौकटीकडे फिरकले नाही. मग एका दुपारी सवयीने सुई खाली सोडली, आणि ती परत वर आली.

तेव्हापासून रोज येते. मी वाकून बघत नाही. डाळिंबाचं शेवटचं एक पान मुद्दाम भरायचं ठेवलंय, कारण ते झालं की कापड चौकटीवरून सोडावं लागेल आणि खालचं सगळं दिसेल.

सुई परत येते याची भीती नाही वाटत गं. पण टाका अगदी अलगद बसतो. भरण जराही दबत नाही.

आणि तू माझं कधी ऐकलंस?

तुझीच,
धाकटी