नववी ‘ब’ला सर्वंकष सत्ता शिकवली त्याची हकीकत

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, मधली सुट्टी

तीर्थस्वरूप रत्नमालाआक्का,

धाकट्या भावाचा, म्हणजे आदिनाथचा, तुला आणि दाजींना पायांवर डोकं ठेवून नमस्कार (समोर असलो की तू पाय मागं घेतेस, म्हणून पत्रातच उरकून घेतो). तुझ्या गुडघ्याला उतार आहे का? दाजींचा खोकला काय म्हणतो? अद्रकीला पाणी पुरतंय ना, आणि म्हैस व्याली असेल तर वगार झाली की रेडा, तेही कळव. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तू माझं वाक्य मधेच तोडून ‘आता मुद्द्यावर ये’ म्हणतेस. पत्राचं वाक्य तोडता येत नाही. तुमच्या शेजारचा धोंडिबा कामानं इथं आला आहे आणि संध्याकाळच्या गाडीनं पिशोरला परत निघतोय, त्याच्या हाती हे देतो.

तर मुद्दा असा की मी मुद्द्यावर थोडा उशिरा येणार आहे.

तुला ठाऊकच आहे, मी एकवीस वर्षं इतिहास शिकवतोय आणि एवढ्या वर्षांत माझ्यामुळं कुणाचंही काही वाकडं झालेलं नाही. लढाई आली की पोरं जागी होतात, तह आला की झोपतात, आणि मी दोन्ही प्रकारच्या पोरांना पास करतो. यंदा नववीला जगाच्या इतिहासात ‘सर्वंकष सत्तांचा उदय’ असा धडा आहे. एरवी तो मी दोन तासांत संपवला असता. पण आमचे मुख्याध्यापक अप्पाराव सर कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि परिपाठाला त्यांनी माईकवरून जाहीर केलं की यापुढं नुसतं वाचून दाखवायचं नाही, पोरांना स्वतंत्र विचार करायला लावायचं, आणि जो शिक्षक लावणार नाही त्यानं तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा. (विचार करायला लावण्याचा इतका सक्त हुकूम मी तरी जन्मात पहिल्यांदा ऐकला. आम्ही सगळ्यांनी विचार न करता टाळ्या वाजवल्या.)

मग मी फळ्यावर लक्षणं लिहिली. सगळं एकच माणूस ठरवतो. त्याला प्रश्न विचारायचा नसतो. विचारलाच तर तो चिडत नाही, आधी दुखावतो. शेजारी शेजाऱ्याचं नाव वर पोचवतो. आणि जे काही होतं ते सगळं तुमच्याच भल्यासाठी होतं. करमाडहून येणाऱ्या शिवमनं हात वर केला आणि विचारलं, ‘सर, सर्वंकष म्हणजे गणितातले सगळे कंस का?’ मी म्हणालो, नाही बाळा, सर्वंकष म्हणजे ज्याच्या बाहेर काहीच उरत नाही ते. तो म्हणाला, ‘म्हणजे कंसच की.’ उत्तर चुकीचं होतं, पण मला अजून बरोबर उत्तर सुचलेलं नाही. मी त्यांना सांगितलं, देश मोठा असतो पण सवयी लहान जागी लागतात. जर्मनीतले कारकून, मास्तर, पोस्टमन सकाळी डबा घेऊन कामाला जायचे आणि समोर आलेल्या कागदावर सही करायचे, तेवढ्यावर ती सत्ता चालली. मागच्या बाकांवरची पोरंही पुढं सरकून बसली. मला वाटलं, पोचलं. त्या भरात मी गृहपाठ दिला: ही लक्षणं तुमच्या आसपास कुठं दिसतात का, एक पान लिहून आणा. माझा अंदाज होता की पोरं मुंग्यांचं वारूळ लिहितील, फार तर मधमाश्या.

मुंगी एकाही वहीत नव्हती. चव्वेचाळीस वह्यांपैकी बावीस वह्यांमध्ये अप्पाराव सर होते (त्यातल्या अकरा वह्यांत अक्षर न् अक्षर सारखं, स्वल्पविरामासकट). शिवमनं आजीवर लिहिलं होतं. आशाबाई नावाची त्याची आजी घरातलं मीठ, टीव्ही आणि सुनेचं माहेरी जाणं, ही तिन्ही खाती स्वतःकडं ठेवते. आणि धाकट्या नातवाला गुळाचा खडा देऊन थोरला काय बोलला ते काढून घेते. राजनंदिनी म्हणून एक हुशार पोरगी आहे, तिनं लिहिलं, ‘आमच्या सोसायटीत दर वर्षी निवडणूक होते. माझे पप्पा उभे राहतात, पप्पाच मतं मोजतात आणि नंतर निवडून आल्याचं आश्चर्य वाटून पप्पाच सगळ्यांचे आभार मानतात.’ आक्का, खोटं नाही सांगत, एकवीस वर्षांत मी इतक्या आवडीनं वह्या तपासल्या नव्हत्या. लाल पेनानं ‘छान!’, ‘उत्तम निरीक्षण!’ असं लिहीत सुटलो. आपल्या संस्कृतीची, म्हणजे माझ्याच पोरीची, वही मात्र त्यात नव्हती. ‘माझी मुलगी म्हणून सवलत नाही, उद्या आण,’ असं मी तिला सगळ्या वर्गासमोर सांगितलं. (नियम सगळ्यांना सारखा. हे मी अभिमानानं सांगत होतो, म्हणून लिहितोय.)

शनिवारी शाळा सुटायच्या आत राजनंदिनीचे पप्पा, साहेबराव, शाळेत हजर. ते पालक समितीवरही आहेत. हातात त्या पानाचा फोटो, आणि फोटोत माझं ‘उत्तम निरीक्षण!’ ठळक. ते अजिबात ओरडले नाहीत. फार दुखावल्या आवाजात म्हणाले, ‘सर, मी लोकांसाठी एवढं करतो, आणि पोरगी असं लिहिते?’ (फळ्यावरचं तिसरं लक्षण मला आठवलं, पण मी ते गिळलं.) तेवढ्यात करमाडहून आशाबाई आल्या. लुगड्याचा पदर खोचलेला, हातात शिवमची वही. मला वाटलं, आता आपली नोकरी दोन्ही बाजूंनी जाणार. पण म्हातारी खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, ‘मास्तर, पोरानं वाचून दावलं. सगळं खरंय. मीच ठरविते. मंग कोण ठरवील? ह्याच्या बापाला सकाळी चप्पल कोणती घालावी त्ये उमगत नाय. पण कोठीची किल्ली माज्याच कमरंला असती, त्ये ह्यानं लिवलंच नाय. तेवढं घाला.’ आक्का, त्या दिवशी शाळेच्या आवारात आरोप कबूल करणारी ती एकटीच बाई होती. मी तिला तिथंच नमस्कार केला असता, पण अप्पाराव सर बघत होते.

सोमवारी सकाळी अप्पाराव सरांनी ‘सर्वांची मतं जाणून घेण्यासाठी’ शिक्षकांची बैठक बोलावली. आम्ही बसलो तेव्हा बैठकीत काय ठरलं त्याचा टाइप केलेला कागद प्रत्येकाच्या खुर्चीवर आधीच होता. तो असा की धडा शिकवायला हरकत नाही, पण उदाहरणं द्यायची नाहीत. ‘आसपास’ हा शब्द वापरायचा नाही. आणि नववी ‘ब’च्या वह्यांतली ती पानं संबंधित शिक्षकानं काढून घेऊन कार्यालयात जमा करायची. खाली ‘सर्वानुमते’. मला म्हणायचं होतं, नाही. खरंच म्हणायचं होतं. असं काहीतरी येणार याची कुणकुण शनिवारीच लागली होती, म्हणून आदल्या दिवशी स्कूटरवर क्रांती चौकापासून सेव्हन हिलपर्यंत मी तीन वेगवेगळ्या वाक्यांत नाही म्हणून बघितलं होतं, एक तर सिग्नलला इतक्या जोरात की शेजारचा रिक्षावाला ‘क्या हुआ चाचा’ म्हणाला. पण सर म्हणाले, ‘आदिनाथ सर, तुमचं काही?’ आणि तेवढ्यात चहा आला. मी म्हणालो, ‘साखर जरा कमी असती तर.’ तेवढाच माझा विरोध इतिवृत्तात नोंदला गेला असेल.

मग मी वर्गात गेलो आणि पोरांना ती पानं फाडून द्यायला सांगितलं. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, कुणी रुसेल. पोरांनी पट्ट्या काढल्या, पानावर ठेवल्या, सरळ रेषेत फाडलं, बाकाबाकानं रांग लावली आणि माझ्या टेबलावर गठ्ठा रचला. शिवमनं तर कडा जुळवून दिल्या. फळ्यावर मी तीन दिवस जे समजावत होतो ते पोरं आता मला करून दाखवत होती, आणि मी त्यांना. शेवटी संस्कृती उठली. वही घेऊन आली होती, पण पान जागच्या जागी. हळूच म्हणाली, ‘सर, मी फाडणार नाही. फाडायचं तर तुम्ही फाडा.’ सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. आणि आक्का, मी पट्टी ठेवली आणि फाडलं. सरळ. न वाचता.

वाचलं नंतर, शिक्षक खोलीत. तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या घरी लोकशाही आहे. बाबा प्रत्येकाला मत विचारतात. मी, आई आणि आजी एकीकडं आणि बाबा एकीकडं असं झालं की बाबा जिंकतात.’ पुढं खो-खोचं. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली होती. पोरगी खांबाला सूर मारते ते बघून बाहेरचे लोकही थांबतात म्हणे (मी कधी थांबलो नाही). सराव आणि डॉक्टरकीच्या तयारीचा क्लास एकाच वेळेला येतात, म्हणून मी क्रीडाशिक्षक त्रिंबक सरांना सांगून तिचं नाव काढून टाकलं. तिला सांगायचं राहिलं. तिला ते सूचनाफलकावर कळलं. शेवटची ओळ अशी: ‘बाबा वाईट नाहीत. त्यांना फक्त असं वाटतं की मला विचारलं तर वेळ जाईल.’

असो. शाळेत आता सगळं शांत आहे. नववी ‘ब’ला त्या गृहपाठाचे मी सरसकट दहापैकी दहा गुण दिले. अप्पाराव सरांना वाटतं, ते पानं निमूट फाडल्याबद्दल आहेत. पोरांना वाटतं, ती लिहिल्याबद्दल. दोन्ही पक्ष माझ्यावर खूश आहेत, म्हणजे मी अजून पुरता सुधारलेलो नाही. घरीही सगळं ठीक. आई आणि संस्कृती हवापालटाला तुझ्याकडं आल्याच आहेत, त्यांना मोकळ्या हवेचा चांगला उपयोग होईल. दाजींना नमस्कार, आईला दंडवत.

तुझा,
आदिनाथ

ता. क. हवापालट हा शब्द माझा. काल सकाळी मी आंघोळीला गेलो होतो तेव्हा त्या दोघी पिशवी भरून बस स्टँडवर गेल्या. आपल्या आईला या वयात घर सोडून जाताना बघून वॉचमननं विचारलं, तर म्हणाली, ‘पोरगी खेळणार म्हणती, मी संगं चालले.’ ते मला वॉचमननं सांगितलं.

ता. क. २. आक्का, मुद्दा हा. काल मी त्रिंबक सरांकडं जाऊन तिचं नाव परत घालून आलो. ते म्हणाले, नाव काढताना तुम्ही दोन मिनिटं घेतली होती, घालताना अर्धा तास का बसलात? रविवारी सकाळी सामना आहे. तिला शनिवारच्या गाडीत बसवून दे. ऐकायची नाही, तर तू समजाव. तुझं ती ऐकते. सोबत तिचं पान आहे, मागून चिकटपट्टी लावली आहे. ते अप्पाराव सरांच्या गठ्ठ्यात गेलं नाही. गठ्ठ्यात एक पान कमी आहे हे अजून कुणी मोजलेलं नाही. माफी मागायची ती मी समोरच मागेन, पत्रात मला ती नीट जमत नाही.

ता. क. ३. ▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬

आक्का, नमस्कार. मी तुमची भावजय. पाकीट चिकटवायला माझ्याकडं आलं तेव्हा वाचलं. तिसरी ता. क. मीच खोडली, उजेडाला धरून बघू नका. त्यात यांनी लिहिलं होतं की सामन्यानंतर क्लास मात्र चालूच राहील, ते आता ठरलेलंच आहे. दुसरी तेवढी खरी आहे, ती पोरीला वाचून दाखवा. त्रिंबक सरांच्या दारात हे अर्धा तास बसले होते ते मी बघितलंय; नुसते चपला घालत-काढत होते. मी आज सकाळीच क्लासमध्ये जाऊन तिचं नाव कमी करून आले. यांना अजून सांगितलं नाही. रविवारी सामना सुरू झाला की मैदानावरच सांगते, तिथं माणूस कितीही ओरडला तरी लोकांना वाटतं पोरीला जोर देतोय.